आपला अर्ज आपल्या हाताने

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विहार कमिटीने आम्हाला विषय दिला आहे, ‘मोबाईल व इंटरनेटच्या मदतीने इंग्रजी व्याकरण आणि लेखन कसे सुधारावे’. विषय ऐकून काही जण गालात हसले असतील. गिरणीत काम करणाऱ्याने इंग्रजीवर काय बोलावं? हा तर प्रोफेसर लोकांचा विषय. पण आम्ही म्हणतो, ज्यांच्या घरात इंग्रजी पेपर पाळण्यापासून आहे, त्यांना ती भाषा कुठे अडते हे ठाऊक नसतं. आम्हाला ते ठाऊक आहे. आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही. पाळी सुटल्यावर वही घेऊन बसलो, पुढे मोबाईल आला तेव्हा मोबाईल घेऊन बसलो. त्यातून जे हाती लागलं तेवढंच आज तुमच्यापुढे ठेवतो.

बंधूंनो, आपल्या समाजाच्या तीन पिढ्या डोळ्यांपुढे आणा. आपल्या आज्या-पणज्यांनी कागदावर अंगठा उठवला. कागदात काय लिहिलं आहे, जमीन गेली की राहिली, हे त्यांना दुसऱ्याने सांगायचं आणि त्यांनी मान हलवायची. पुढची पिढी सही करायला शिकली, पण अर्ज मात्र कचेरीबाहेर बसणाऱ्या लेखनिकाकडून लिहून घ्यायची. तो लिहील ते खरं. आता तिसरी पिढी शिकली, पदवीधर झाली. आणि आज आम्ही काय पाहतो? मुलगा बी.ए. झालेला आहे, नोकरीचा इंग्रजी अर्ज करायचा आहे, तर तो मोबाईलला सांगतो, ‘अर्ज लिहून दे.’ मोबाईल एका मिनिटात लिहून देतो. मुलगा न वाचता पाठवून देतो. मुलाखतीला बोलावतात, अर्जातल्याच एका वाक्याचा अर्थ विचारतात आणि हा गप्प!

म्हणजे कचेरीबाहेरचा लेखनिक गेला आणि खिशातला लेखनिक आला. लिहिणारा हात अजूनही दुसऱ्याचाच. आजच्या भाषणात आमचं मुख्य सांगणं एवढंच आहे की, मोबाईलला गुरुजी करा, लेखनिक करू नका. बाकी सगळं त्याच्या पोटात येतं.

आता कोणी विचारील, इंग्रजीच कशाला? मराठी आपली मायबोली नाही का? आहे, आणि तिची लाज वाटण्याचं काडीचंही कारण नाही. विनयपिटकात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू भगवंतांकडे गेले आणि म्हणाले, निरनिराळ्या कुळांतले, जातींतले लोक संघात येतात व आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलून ते बिघडवतात. तेव्हा ते आपण छंदसात, म्हणजे पंडितांच्या भाषेत बांधून ठेवू. भगवंतांनी त्यांची कानउघाडणी केली आणि बुद्धवचन आपापल्या भाषेत शिकायला मोकळीक दिली. म्हणजे भाषेने माणूस उच्च-नीच ठरत नाही, हा धडा आपल्याला अडीच हजार वर्षांपूर्वीच मिळाला आहे. बाबासाहेबांनीही ‘मूकनायक’ १९२० साली काढला तो मराठीत, ‘बहिष्कृत भारत’ १९२७ साली काढला तोही मराठीत. आपल्या माणसांशी आपल्या भाषेत बोलायचं, हा त्यांचा नेम होता.

पण जगापुढे गाऱ्हाणं मांडायची वेळ आली तेव्हा? १९१६ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवरचा निबंध वाचला तो इंग्रजीत. १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत अस्पृश्यांची बाजू मांडली ती इंग्रजीत. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ १९३६ साली छापलं ते इंग्रजीत. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला, तोही मूळ इंग्रजीतच. त्यांचं इंग्रजी आकाशातून पडलं नव्हतं. वडील रामजी सुभेदारांनी लहानपणी घरीच त्यांच्याकडून भाषांतराचा सराव करून घेतला, असं चरित्रांत वाचायला मिळतं. आणि त्याही आधी, १८५४ साली, सावित्रीमाईंनी ‘काव्यफुले’ या संग्रहात शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा उपदेश केला होता. तेव्हा इंग्रजी ही आपल्याला परक्याची वाटण्याचं कारण नाही.

इंग्रजी कुठे लागते आणि कुठे लागत नाही, हेही नीट समजून घ्या. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. त्याखालचा अर्ज महाराष्ट्रात मराठीत चालतो. तिथे इंग्रजीचा आव आणायची गरज नाही. ग्रामपंचायत, तहसील इथे मराठीच लिहा. पण संविधानाच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे सुप्रीम कोर्टाचं आणि हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत चालतं. आपल्या केसचे कागद इंग्रजीत असतात. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. आपल्या मुलामुलींसाठीच आहेत. पण परदेशी विद्यापीठात प्रवेश मागताना ‘मला हा विषय का शिकायचा आहे’ हे स्वतःच्या इंग्रजीत लिहावं लागतं. अनेक ठिकाणी आयईएलटीएस नावाची परीक्षा मागतात. तिच्या लेखनाच्या भागात ६० मिनिटांत दोन उत्तरं लिहायची, एक किमान १५० शब्दांचं, दुसरं किमान २५० शब्दांचं. त्या हॉलमध्ये मोबाईल नेता येत नाही. खिशातला लेखनिक दाराबाहेरच राहतो!

आता आपण चुकतो कुठे ते पाहू. आम्ही वस्तीतल्या मुलांच्या वह्या पाहतो, त्यात त्याच त्या चुका फिरून फिरून येतात. त्या अक्कल कमी म्हणून होत नाहीत. मराठीची घडण वेगळी, इंग्रजीची वेगळी, म्हणून होतात.

पहिली गोष्ट, क्रियापदाची जागा. मराठीत ‘मी शाळेत जातो’, क्रियापद शेवटी. इंग्रजीत ‘आय गो टु स्कूल’, क्रियापद कर्त्याच्या लगेच मागे. मराठीत ‘त’ हा प्रत्यय शब्दाच्या मागे चिकटतो, इंग्रजीत ‘टु’ हा शब्दाच्या पुढे येतो. वाक्य लिहिताना आधी कर्ता, मग क्रियापद, मग बाकीचं, हे बोटावर मोजून लिहा.

दुसरी गोष्ट, ‘अ’ आणि ‘द’. ही दोन अक्षरं आपल्याला फार छळतात, कारण मराठीत ती नाहीत. पण ‘एक’ आणि ‘तो’ आहेत ना? ‘मी एक फॉर्म आणला. तो फॉर्म भरला.’ पहिल्यांदा सांगताना ‘एक’, ओळख झाल्यावर ‘तो’. तसंच ‘आय ब्रॉट अ फॉर्म. आय फिल्ड इन द फॉर्म.’ सगळे नियम यात बसत नाहीत, पण निम्मं काम यावर भागतं.

तिसरी गोष्ट, ‘पासून’. ‘मी इथे पाच वर्षांपासून काम करतो’ याचं आपण शब्दाला शब्द करतो, ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’. हे चूक. बरोबर आहे, ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’, कधीपासून ते सांगायचं, जसं २०२० पासून, तर ‘सिन्स’. नोकरीच्या अर्जात हे वाक्य हमखास येतं, म्हणून हे पाठच करा.

चौथी गोष्ट, ‘डिड’ आलं की पुढचं क्रियापद मूळ रूपात. ‘डिड यू वेंट’ नाही, ‘डिड यू गो’. भूतकाळाचा भार ‘डिड’ने उचलला, दुसऱ्याने पुन्हा उचलायचा नाही. आणि ‘ही’, ‘शी’ असेल तर वर्तमानात क्रियापदाला ‘एस’, म्हणजे ‘ही वर्क्स’, ‘शी गोज’. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ नाही, ‘आय हॅव टू ब्रदर्स’. ‘मायसेल्फ अमुक’ नाही, ‘माय नेम इज अमुक’. ‘डिस्कस’ शब्दात ‘बद्दल’ आलंच आहे, त्याला पुन्हा ‘अबाउट’ लावायचं नाही.

एवढ्या चार-पाच गोष्टी सुधारल्या तरी आपल्या अर्जातल्या बऱ्याच चुका जातील. गिरणीत धागा तुटतो. दिवसातून कितीदा तुटतो! तुटला म्हणून कोणी डोक्याला हात लावून बसत नाही. सांधायचा आणि पुढे जायचं. इंग्रजीतली चूक तशीच धरा.

आता साधनं सांगतो. बाजारात ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ म्हणून हजारो रुपये उकळणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या नादी लागू नका. जे आम्ही सांगतो ते फुकट आहे, फक्त नेटपॅकचा खर्च आहे.

ब्रिटिश कौन्सिलचं ‘लर्नइंग्लिश’ म्हणून संकेतस्थळ आहे. तिथे आधी आपली पातळी तपासायची फुकट चाचणी आहे, आणि धडे पायरीपायरीने लावलेले आहेत. अगदी पहिल्या पायरीपासून सुरू करायला लाजू नका. बीबीसीचं ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ आहे. सहा मिनिटांचं बोलणं आणि त्याचा पूर्ण मजकूर लेखी मिळतो. आधी नुसतं ऐका, मग मजकूर समोर धरून ऐका, मग मजकूर मिटून पुन्हा ऐका. शब्द अडला तर केंब्रिजचा ऑनलाइन शब्दकोश उघडा. तिथे कर्ण्याच्या चिन्हावर बोट ठेवलं की उच्चार ऐकू येतो आणि शब्द वाक्यात कसा बसतो तेही दिसतं. नुसता अर्थ टिपू नका, वाक्य टिपा. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने लेखनासाठी ‘ओडब्ल्यूएल’ नावाचं संकेतस्थळ चालवलं आहे. नोकरीचं पत्र कसं लिहावं, परिच्छेद कसा बांधावा, हे कॉलेजच्या मुलांनी तिथे पाहावं. भारत सरकारचं ‘स्वयम्’ आहे, त्यावर इंग्रजीचे अभ्यासक्रमही असतात. शिकणं फुकट, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तर फी.

पण आमच्या मते आपल्यासाठी सगळ्यांत चांगलं पाठ्यपुस्तक आपल्या घरातच आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा मराठी ग्रंथ आपल्या बहुतेक घरांत असतो. वर्षावासात त्याचं वाचन होतं. त्याचं मूळ इंग्रजी आता इंटरनेटवर विनामूल्य वाचायला मिळतं. बाबासाहेबांनी हा ग्रंथ छोट्या छोट्या वाक्यांना क्रमांक घालून लिहिला आहे. तेव्हा असं करा. मराठीतली तीन वाक्यं घ्या. स्वतः त्यांचं इंग्रजी करा, वहीवर, पेनाने. मग मोबाईलवर बाबासाहेबांचं मूळ वाक्य काढून आपल्या वाक्याशेजारी ठेवा. कुठे ‘द’ राहिला, कुठे क्रियापद हललं, ते लाल पेनाने खूण करा. रामजी सुभेदारांनी भाषांतराचा सराव करून घेतला, तोच हा रस्ता. फरक एवढाच की तपासायला स्वतः बाबासाहेब बसलेले आहेत! ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे तर कोलंबिया विद्यापीठाने टिपांसह इंटरनेटवर ठेवलं आहे. ज्यांना सुत्तं वाचायची आहेत त्यांच्यासाठी ‘सुत्तसेंट्रल’ आहे, तिथे त्रिपिटकातल्या सुत्तांची साध्या इंग्रजीतली भाषांतरं मिळतात. म्हणजे एका वेळी धम्मही आणि भाषाही.

आता लिहिणं तपासण्याबद्दल. ‘ग्रामरली’सारखी साधनं चूक झाली की खाली रेघ ओढतात. लगेच बोट लावून दुरुस्त करू नका. आधी विचारा, रेघ का आली? नियम शोधा, वहीत लिहा, मग दुरुस्त करा. गुगल ट्रान्सलेटचा उलटा उपयोग करा. मराठी टाकून इंग्रजी काढण्यापेक्षा, आपण लिहिलेलं इंग्रजी टाका आणि त्याचं मराठी काय होतं ते पाहा. जे म्हणायचं होतं तेच आलं तर वाक्य बरंचसं जमलं. भलतंच आलं तर वाक्यात खोट आहे, असं समजून पुन्हा पाहा. चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरात आलं, आता तशी बरीच आहेत. त्याला ‘लिहून दे’ म्हणू नका. ‘मी हे लिहिलं आहे, चुका दाखव आणि कारण सांग, पण नवीन लिहू नकोस’ असं म्हणा. मराठीत विचारलं तरी चालतं. तेही कधी कधी ठणकावून चुकीचं सांगतं, म्हणून शब्दकोशात खात्री करा. आणि आधार नंबर, बँकेचा नंबर असल्या ठिकाणी कधीही टाकू नका.

दुसऱ्याने लिहिलेलं आपलं म्हणून पाठवणं, याकडे आपण शीलाच्या दृष्टीनेही पाहिलं पाहिजे. दर रविवारी आपण पंचशील घेतो, त्यात खोटं न बोलण्याचं चौथं शील आहे. ते तोंडापुरतं नाही, कागदालाही लागू आहे. महामंगल सुत्तात पुष्कळ विद्या, कलाकौशल्य आणि चांगलं बोललेली वाणी यांना उत्तम मंगल म्हटलं आहे. ते मंगल विकत आणता येत नाही, कमवावं लागतं.

आणखी एक गोष्ट मनाला लागते ती बोलतो. आपल्या जुन्या अर्जांत एक वाक्य ठरलेलं असायचं, ‘आय बेग टु स्टेट’. अजूनही काही मुलं तेच उतरवून घेतात. ‘बेग’ म्हणजे भीक मागणे. साहेबाच्या राज्यातली ती रीत आहे. अर्ज हा आपला हक्क आहे, भीक नव्हे. ‘आय रिक्वेस्ट यू’, मी विनंती करतो, एवढं पुरे. नम्रता ठेवा, लाचारी काढून टाका. पण ‘बेग’चा अर्थच ठाऊक नसेल तर लाचारी कुठे लपली आहे ते कळणार कसं? म्हणून व्याकरण आणि शब्द शिकायचे. नुसते मार्क मिळवण्यासाठी नव्हे.

शेवटी विहार कमिटीला आणि पालकांना तीन विनंत्या.

पहिली, रविवारी वंदना झाल्यावर विहारात एक तास इंग्रजी लेखनाचा वर्ग ठेवावा. शिक्षक पाहिजे असं नाही. बारावीच्या मुलीने आठवीच्या मुलाची वही तपासावी. प्रत्येकाने आठवड्यात सात छोटे परिच्छेद लिहून आणावेत, रोज एक, पाच वाक्यांचा. आज काय केलं, काय पाहिलं, काय पटलं नाही. चुका मोजायच्या, पण कोणी कोणाला हसायचं नाही. हसणाऱ्याला तोच परिच्छेद फळ्यावर लिहायला लावायचा!

दुसरी, रोजचा अर्धा तास ठरवावा. दहा मिनिटं ऐकणं, दहा मिनिटं वाचणं, दहा मिनिटं लिहिणं. पाळीला जाणाऱ्या माणसालाही एवढा वेळ काढता येतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो. पण रोज. एका दिवशी पाच तास आणि मग महिनाभर सुट्टी, याने काही होत नाही.

तिसरी विनंती आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी. पुष्कळ घरांत मोबाईल एक, आणि तो मुलाच्या हातात. मुलगी भांडी घासून येईपर्यंत नेटपॅक संपलेला असतो. हे बंद झालं पाहिजे. सावित्रीमाईंचं नाव घ्यायचं आणि मुलीला मोबाईलचा अर्धा तास द्यायचा नाही, हे चालायचं नाही. वेळ वाटून द्या, घड्याळ लावून द्या. आणि ज्या आयांना स्वतःला शिकावंसं वाटतं त्यांनीही वर्गात यावं. वयाचा प्रश्न नाही. आमच्याकडे पाहा, पन्नाशी उलटली तरी आम्ही अजून ‘अ’ आणि ‘द’शी झुंजतो आहोत.

पुढच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघेल तेव्हा तिच्यात आपल्या विहारातल्या मुलामुलींनी स्वतः लिहिलेलं एक तरी इंग्रजी पान असावं. थोडं वाकडंतिकडं असलं तरी चालेल, पण हात आपला असावा. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा पहिला आदेश आहे. साधन खिशात आहे, ग्रंथ घरात आहे, जागा विहारात आहे. आता कारण सांगायला जागा उरलेली नाही. येत्या रविवारी वही घेऊन या.

एवढं बोलून आम्ही आपली रजा घेतो. सर्वांचं मंगल होवो.

नमो बुद्धाय! जयभीम!